विचारपूस खातं

सगळ्या तंजावरात माणसाचं तोंड कधीच लक्षात न राहिलेली आणि आवाज कधीच न विसरलेली अशी एकच बाई आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्सं टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होत्या. त्या वेळी परगावी फोन करायचा म्हणजे आधी नंबर सांगून ठेवायचा, मग तास-दोन तास फोनशेजारी बसून राहायचं, आणि वन्संनी समोरच्या फळीवरच्या भोकांत वायरी खुपसून ह्या गावाचं तोंड त्या गावाच्या कानाला जोडलं की ओरडून बोलायचं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी कानाला ऐकायच्या फोनचा पट्टा चढवला, आणि मला वाटतं तेव्हापासून त्यांनी ओळखी ठेवायचं काम डोळ्यांकडून काढूनच घेतलं. बाजारात कुणी नमस्कार केला की त्या मान दुसरीकडे वळवत, डोळे मिटत आणि म्हणत, "बोला." समोरचा माणूस बिचारा गोंधळून "सौक्यमा?", म्हणजे बरं आहे ना, असं काहीतरी विचारी. लगेच वन्संचा चेहरा उजळे. "करंदैचे तांदळाचे व्यापारी. दर शुक्रवारी मदुरै. खोकला अजून आहे की." एकदा मोठ्या देवळात नंदीपाशी त्यांचे खुद्द साहेब समोर येऊन उभे राहिले. वन्संना वाटलं, कुणी प्रसादासाठी थांबलं आहे. त्यांनी साहेबांच्या हातावर एक केळं ठेवलं. साहेब "थँक्यू मॅडम" म्हणाले, तेव्हा वन्संच्या हातातली बाकीची केळी खाली पडली.

माझे मामा मिरजेला तंबोऱ्याच्या कारागिरांकडे कामाला होते. लाकडाच्या निमित्तानं त्यांची इथल्या वीणावाल्यांकडे ये-जा असे, आणि त्या येण्याजाण्यात त्यांनी माझं लग्न इथं ठरवून टाकलं. मराठी घर आहे, काळजी करू नकोस, असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं. घर मराठीच होतं. फक्त ही माणसं पूर्वी कधीतरी इकडे येताना जी मराठी शिदोरीसारखी बांधून निघाली होती, तीच अजून पुरवून पुरवून बोलत होती, आणि कमी पडेल तिथं तमिळ वाढून घेत होती. पहिल्या दिवशी वन्संनी मला विचारलं, "पाणी होणा?" पाण्याचं काय होणार आहे ते मला कळेना. इथं 'होणा' म्हणजे 'हवं का', हे समजेपर्यंत मी दीड दिवस तहानलेली होते. मुळात मी बोलायला भित्री. माझी शाळा चौथीत संपली, आणि त्या शाळेतही हजेरी घेताना 'हजर' म्हणायच्या ऐवजी मी नुसता हात वर करीत असे. त्यातून ह्या घरात देवनागरी वाचता येणारी मी एकटी, आणि तमिळ न वाचता येणारीही मी एकटीच. वन्संनी हे सगळं दोन दिवसांत ओळखलं आणि माझी बोलणी आपल्याकडे घेतली. भाजीवालीशी, शेजारणीशी, डॉक्टरांशी. मी त्यांच्या कानात सांगायचं आणि त्यांनी पुढं जोडून द्यायचं.

घरातही त्या ऑफिसच्याच रीतीनं वागत. ऑफिसात फोन तीन जातींचे असत. साधा म्हणजे ऑर्डिनरी, त्याच्या आधी लागणारा अर्जंट, आणि सगळ्यांना बाजूला सारून लागणारा लाइटनिंग. घरातली कामंही वन्संनी ह्याच तीन जातींत वाटून टाकली होती. "कमळे, कॉफी. ऑर्डिनरी," असं म्हटलं म्हणजे डिकाशन सावकाश थेंबथेंब उतरू द्यायचं. अर्जंट म्हटलं म्हणजे सकाळचंच गरम करायचं. लाइटनिंग कॉफी माझ्या आठवणीत एकदाच झाली, माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा, आणि ती करताना माझा हात भाजला. तीन मिनिटांचं तर विचारूच नये. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये येऊन सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवू का? हे घड्याळ वन्संच्या अंगात भिनलं होतं. कुणीही बोलत बसलं की तिसरं मिनिट संपताना त्यांचा हात आपोआप वर जाई. एकदा गल्लीतल्या एका घरी कुणी वारलं म्हणून आम्ही दोघी भेटायला गेलो. घरची बाई रडत रडत सगळं सांगत होती, आणि मध्येच वन्सं म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वन्संच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी त्या बाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वाढवते. बोला." आणि खरोखरच आम्ही दुपार होईपर्यंत तिथं बसलो.

त्यांचा एक नियम मात्र असा होता की त्याला हसायची कुणाची छाती नव्हती. ऐकायचं, पण ऐकायचं नाही. जोडणीसाठी कान द्यावाच लागतो, तेवढा द्यायचा. त्यात जे पडेल ते तिथंच सांडून यायचं. गावात कुणाला मुलगा झाला, कुणाची मुलगी सासरहून परत आली, कुणाला मद्रासला नोकरी लागली, हे त्या त्या घराच्या आधी वन्संना माहीत असे. मग ती माणसं पेढे घेऊन आली की वन्सं इतकं नवल करीत, इतकं की समोरच्याला आपलीच बातमी नव्यानं ऐकल्यासारखं वाटे. एका सकाळी कुंभकोणमची त्यांची मावशी गेल्याचा फोन त्यांच्याच हातून जोडला गेला. फोन आमच्या घरचा नव्हता, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानात केलेला होता, त्यानं निरोप आणून द्यायचा होता. वन्सं ड्युटी संपवून घरी आल्या, पायरीवर बसल्या, जेवायला नको म्हणाल्या. औषधवाला दुकान बंद करून आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्यानं ह्यांना निरोप सांगितला, ह्यांनी वन्संना सांगितला, आणि मग वन्सं रडल्या. तोपर्यंत ती त्यांची बातमी नव्हती.

वन्संनी लग्न केलं नाही. त्याला कारण एक 'हॅलो' होता. स्थळ कुंभकोणमचंच होतं, मुलगा शिकलेला, दिसायला चांगला. पण चेहऱ्याचा वन्संना काय उपयोग? त्यांनी त्याला ऑफिसच्या फोनवर बोलवायला सांगितलं. तो "हॅलो" म्हणाला आणि वन्संनी वायर काढून ठेवली. माझ्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हॅलो म्हणजे कोण आहे असं विचारणं असतं, अप्पा. ह्याच्या हॅलोत विचारणं नाही, हुकूम आहे. मला हा वर नको." पुढं दोन-तीन वेळा विषय निघाला तेव्हा त्यांनी ते वाक्य आणखी आखूड करून घेतलं. "वर नको." आपल्याला हे पुन्हा एकदा म्हणावं लागणार आहे, आणि त्या वेळी घरात त्याहून मोठा भूकंप होणार आहे, हे त्यांना तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं.

माझ्या माहेरी, मिरजेजवळच्या आमच्या खेड्यात, फोन एकच होता, सोसायटीच्या ऑफिसात. महिन्यातून एकदा वन्सं रीतसर नाव नोंदवून माझ्या आईसाठी कॉल लावत. आईला बोलावून आणलं जाई. इकडं मी ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत फोन कानाला धरून उभी. आणि मग दोन्हीकडं शांतता. आई माझ्याहून भित्री. तिला वाटे, आपण बोललो तर यंत्र बिघडेल. मला वाटे, मी बोलले तर रडू येईल. त्या नुसत्या खरखरीत एक मिनिट जाई, आणि मग मधूनच वन्संचा आवाज येई. "आई, ती जेवण नीट जेवते आहे. तिला विचारायचं आहे, गाय व्यायली का?" मग तिकडून बारीक "हो." "कमळे, गाय व्यायली. कालवड झाली." मी काही विचारलेलंच नसे. पण मला तेच विचारायचं असे. अशी आठ-नऊ वर्षं वन्सं आमच्या मायलेकींच्या मध्ये बसून दोघींच्या मनातलं बोलत राहिल्या. तीन मिनिटं झाली असं त्या फोनवर त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग नव्वदच्या पुढची ती वर्षं आली, सगळं एकदम बदलायला लागलं तो काळ. टीव्हीवर एका चॅनेलच्या जागी दहा झाली, जुन्या बसस्टँडसमोर रंगीत सरबतांच्या बाटल्या आल्या, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचं एस.टी.डी. बूथ उघडलं. काचेच्या पेटीत उभं राहून आपणच नंबर फिरवायचा, मधे कुणी नाही. वन्संच्या ऑफिसात नवं यंत्र आलं. फळीवरच्या वायरी एकेक करून कमी व्हायला लागल्या. बारा ऑपरेटर होत्या त्यांच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. आणि एक दिवस वन्संच्या हातात कागद आला की त्यांना सूपरवायझर केलं आहे, तिरुचीला हजर व्हावं, पंधरा दिवसांत कळवावं.

त्या कागदाचा जेवढा आनंद वन्संना व्हायला हवा होता तेवढा सगळा माझ्या नवऱ्याला झाला. हे ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत कारकून. रोज सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं. अठरा वर्षं त्याच टेबलाशी. प्रत्येक वर्षी बढतीची यादी यायची आणि प्रत्येक वर्षी ह्यांचं नाव यादीच्या खाली एक बोट राहायचं. आमच्या घरात वर चढलेलं असं कुणी झालंच नव्हतं. सासरे कारकून म्हणूनच रिटायर झाले आणि कारकून म्हणूनच गेले. ह्यांनी म्हैसूरपाक आणून साऱ्या गल्लीत वाटला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण पाट्या रंगवणाऱ्याकडून एक पाटी करून आणली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत वन्संचं नाव आणि खाली 'सूपरवायझर'. वन्सं तेव्हा ड्युटीवर होत्या.

त्या घरी आल्या तेव्हा हे पायरीवर उभे राहून दारावर खिळा ठोकत होते. वन्संनी पाटीकडे पाहिलं, चप्पल काढली आणि म्हणाल्या, "मी कळवून आले. वर नको म्हटलं. शेजारी द्या म्हटलं."

ह्यांना आधी अर्थच लागला नाही. मग सगळं बाहेर आलं. ट्रंकच्या फळीशेजारी, खिडकीपाशी, आणखी एक टेबल होतं. तिथं लोकांनी फोन करून दुसऱ्याचा नंबर विचारायचा. पगार तोच, हुद्दा तोच, खुर्चीही तसलीच, फक्त चार हात पलीकडे. बढती मागं टाकून ह्या टेबलाची मागणी आजवर कुणी केली नव्हती, म्हणून साहेबांनी म्हणे अर्ज तीनदा वाचला. मॅडम, आता नाही म्हटलंत तर पुन्हा कधी विचारलं जाईल सांगता येत नाही, असं समजावून सांगितलं. वन्संनी सही करून दिली. ह्यांनी हातोडी खाली ठेवली. मी अठरा वर्षं ज्याची वाट बघतो आहे ते हिनं पोस्टानं परत पाठवलं, असं ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि त्या संध्याकाळपासून त्यांनी बहिणीशी बोलणं सोडलं. पाटी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेली.

वन्सं खऱ्या खुशीत होत्या असं मला तरी वाटलं. नव्या टेबलाला मराठीत काय म्हणायचं असं त्यांनी मला विचारलं, कारण माझ्या आईला ते कळवायचं होतं. टेबलावरच्या तमिळ पाटीवर काय आहे, मी विचारलं. त्या म्हणाल्या, विसारणै. विसारणै म्हणजे विचारणं, तेव्हा मी विचार करून सांगितलं, "विचारपूस." वन्संना तो शब्द इतका आवडला की त्या दिवसभर तो पुटपुटत होत्या. मी विचारपूस खात्यात आहे, असं त्यांनी सगळ्या मराठी घरांत सांगितलं. पुढं बऱ्याच वर्षांनी पुण्याचे एक गृहस्थ जुनी कागदपत्रं बघायला इथं आले होते, ते चहाला घरी आले. त्यांनी हसून सांगितलं की तुमच्या खात्याला मराठीत चौकशी म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्सं त्यांना शांतपणे म्हणाल्या, "चौकशी पोलीस करतात हो. मी विचारपूसच करते."

आणि ते खोटं नव्हतं. तंजावरच्या टेलिफोनच्या पुस्तकात राव किती आहेत हे ज्यानं बघितलं आहे त्यालाच वन्संची करामत कळेल. आम्हा लोकांना इकडं आडनाव लावायची रीत नाही. नावाआधी दोन अक्षरं आणि नावानंतर राव, की झालं. पानंच्या पानं नुसते राव. कुणी फोन करून म्हणे, राव होणा. दुसरा ऑपरेटर असता तर फोन ठेवून रजेवर गेला असता. वन्सं विचारत, "कोणता राव? वीणेचे, सायकलचे, की दोन जावयांचे?" तेवढ्यानं नाही जमलं तर विचारत, बोलतात कसे, नाकातून की छातीतून? आणि राव सापडे. डॉक्टरांचा नंबर कुणी विचारला तर आधी कोण आजारी आहे, कधीपासून, पाणी तरी पोटात ठरतं आहे का, हे विचारल्याशिवाय नंबर मिळत नसे. वल्लमचे एक म्हातारे गृहस्थ रोज अकराला फोन करून मद्रासच्या आपल्या मुलाचा नंबर विचारत. रोज तोच. वन्सं तो रोज सावकाश दोनदा सांगत. त्यांनी लिहून का घेतला नाही, असं मी एकदा म्हटलं. "लिहिलेला आहे," वन्सं म्हणाल्या. "लावायचा नाही म्हणून विचारतात."

पण घरात मात्र माझे हाल चालले होते. पंधरा दिवस झाले, महिना झाला, भाऊबहीण एका घरात राहून एकमेकांशी बोलेनात. दोघांचं सगळं माझ्यामार्फत. मी, जिला भाजीवालीशी बोलता येत नाही, ती ह्या घरातली ट्रंक ऑपरेटर झाले. हे तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसत आणि सांगत, तिला सांग मी तिची छत्री नेतो आहे. मी आत जाऊन सांगे. वन्सं म्हणत, त्याला सांग तिची काडी मोडली आहे. मी बाहेर येऊन सांगे. हे म्हणत, तिला सांग काडीसारखं डोकंही कधी दुरुस्त करून घे. मी आत जाऊन तेही सांगे, शब्दन् शब्द, शाळेत पाठ म्हणावा तसं. वन्संनी तीन-चार दिवस हे सोसलं. मग एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कमळे, लाइन खराब असली की सगळं सांगायचं नसतं. कामाचं तेवढंच पुढं द्यायचं. बाकीचं खरखरीत गेलं म्हणायचं." तेव्हापासून मी गाळायला शिकले. ह्यांची चार वाक्यं आत पोचेपर्यंत एक होई. वन्संचे टोमणे बाहेर येईपर्यंत नुसतं "बरं" राही. तरी अबोला काही सुटेना. गाळून भांडण कमी होतं, पण बोलणं सुरू होत नाही. रात्रीच्या जेवणाला दोघांची पानं मी दोन वेळांना वाढायची आणि मधल्या वेळात कशाचं तरी निमित्त करून रडून घ्यायची. त्यातच वन्संनी ऑफिसच्या बायकांच्या वसतिगृहाचा अर्ज आणल्याचं मी बघितलं. त्यांनी तो अजून भरला नव्हता, पण नीट घडी घालून देवापाशी ठेवला होता.

मग तो रविवार आला. हे सकाळी तिण्णैवर कॉफी घेत बसले होते. वन्सं आत, खिडकीजवळ, केस वाळवत. हे मला म्हणाले, "तिला विचार, माझ्यासारखंच खाली राहायचं होतं का तिला? मला बघून बघून तिलाही तेच बरं वाटायला लागलं का?"

इतके दिवस ह्यांना राग आला आहे असं मला वाटत होतं. राग नव्हताच. लाज होती. मी आत गेले. ते सगळं माझ्या तोंडून निघेना. मी फक्त म्हटलं, "वन्सं, हे विचारतात, का?"

वन्संनी केसांतला पंचा काढला आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात सांगितलं. इतकं सलग मी त्यांना स्वतःबद्दल बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सूपरवायझरनं मागच्या खुर्चीत बसायचं आणि ऑपरेटर नीट काम करतात का हे बघायला मधूनच त्यांच्या लाइनवर कान लावायचा. सत्तावीस वर्षं मी कानात पडलेलं सांडून आले, आता मुद्दाम भरून घेऊ? आणि वायरी आता जाणारच आहेत. लोक आपले आपण नंबर फिरवतील, फिरवू देत. पण ज्याला नंबर माहीत नाही, पुस्तक वाचता येत नाही, तो कुणाला विचारील? वर गेले असते तर नावापुढे अक्षरं वाढली असती, पण मला कुणी काही विचारलं नसतं. त्याला सांग, खाली आणि वर हे त्याच्या कचेरीतलं. माझ्याकडं नुसतं ह्या टोकाचं आणि त्या टोकाचं.

हे सगळं घेऊन मी बाहेर निघाले. माजघर ओलांडेपर्यंत अर्धं विसरले. उंबऱ्यावर उरलेलं अर्धं विसरले. हे मान वर करून बघत होते. आणि माझ्या तोंडातून जे आलं ते असं: "त्या म्हणतात, तुम्ही इथं असताना मी तिरुचीला जाऊन कुणाशी बोलू?"

वन्सं असं काहीएक म्हणाल्या नव्हत्या.

ह्यांनी पेला खाली ठेवला. मग उठले, आत गेले, आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "अक्का, कॉफी होणा?"

"अर्जंट की ऑर्डिनरी?" वन्संनी विचारलं.

"ऑर्डिनरीच कर म्हणतो," असं माझ्याकडे बघून म्हणत हे त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. डिकाशन उतरायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोघं काय बोलले ते मी ऐकलं, पण ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात ह्यांनी टाकीवरची पाटी काढली, मागच्या कोऱ्या बाजूला 'एन्क्वायरी' असं रंगवून आणलं आणि त्याच खिळ्याला टांगलं. त्यानंतर वर्षभर वाटेनं जाणारी माणसं आमच्या दारात येऊन कुंभकोणमची बस किती वाजता आहे असं विचारीत, आणि वन्सं घरी असल्या तर सांगतही.

मी मात्र आत कुठंतरी चोरासारखी राहिले. वन्संच्या नावावर मी एक खोटं वाक्य खपवलं होतं. चुकीचा नंबर जोडून दिला होता, आणि दोन्हीकडच्यांना तो बरोबर वाटला होता. सांगावंसं अनेकदा वाटलं. पण मला काय, 'हजर' म्हणायलाही आयुष्यभर जमलं नाही.

वन्सं त्याच टेबलावरून रिटायर झाल्या. आता त्यांचा डावा कान, ज्याला तो पट्टा असे, पूर्ण गेला आहे, आणि उजवा जाण्याच्या वाटेवर आहे. ज्यांनी आवाजावर गाव ओळखलं त्यांना आता समोरच्याच्या ओठांकडे बघत बसावं लागतं, आणि तोंडं ओळखायची सवय नसल्यामुळे त्यांचे फार हाल होतात. वल्लमचे म्हातारे गृहस्थ कधीच गेले. हे बाहेरच्या खोलीतून काही विचारतात, तर मी वन्संच्या उजव्या कानाशी वाकून ते पुढं देते, आणि वन्संचं उत्तर ह्यांना सांगते. फोन आला तरी तसंच. मधे बसायचं काम आता माझ्याकडं आहे, आणि मी ते बरं करते असं ह्यांचं म्हणणं आहे.

मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी मी त्यांचे केस पुसत होते, त्याच खिडकीपाशी. तिथून तिण्णै हाताच्या अंतरावर आहे, मधे नुसते गज. वन्सं बाहेर बघत म्हणाल्या, त्या दिवशी तू तिथं दारात उभी राहून त्याला जे सांगितलंस ते मला ऐकू आलं होतं. माझा हात थांबला. मी काहीतरी बोलायला गेले, पण त्या माझ्या ओठांकडे बघत नव्हत्या, म्हणजे त्यांना ऐकायचं नव्हतं.

"नंबर बरोबरच लागला होता, कमळे," त्या म्हणाल्या. "मी सांगितला नव्हता, एवढंच."

हे लिहायला घेतलं ते त्यानंतर. मुलीच्या जुन्या वहीतली मागची पानं कोरी होती. घरात हे कुणाला वाचता येणार नाही. मुलीला मराठी समजते, पण अक्षरं येत नाहीत, आणि वन्संनाही कधी आली नाहीत. त्यांना कळायचं असेल तर मलाच त्यांच्या उजव्या कानाशी बसून मोठ्यानं वाचावं लागेल. अजून धीर झालेला नाही. पण कान जायच्या आधी एकदा वाचीन म्हणते. तीन मिनिटं झाली की त्यांचा हात वर जाईल. मी वाढवीन.